वीसच्या जागी बत्तीस

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी एका सॉकेटात तीन पिना कोंबल्या, कुणी ओल्या हातानं बटण दाबलं, की मी तडकतो. बायको म्हणते, "करंट दुसऱ्याला बसायच्या आधी तुमालाच बसतो." पाहुणे हसतात, मीही हसतो. पण गच्चीवर एसीचं काम चालू असताना मालक म्हणाला, "मिस्त्री, खटका सारखा पडतोय, जरा मोठा टाका की," तर मी तडकत नाही. मी मुकाट जिना चढून वर जातो आणि मशीन पुसायला घेतो. असं का, ते सांगायचं म्हणतो. सांगायला इतकी वर्षं लावली, त्यावरनंच माझी लायकी काय ती कळेल.

मी वेल्ह्याकडचा वायरमन. गाव मार्गासनीच्या पुढं, रस्त्याला लागून. काम शिकलो भोरात, एका मुसलमान मिस्त्रीकडं. सगळं भोर त्यांना चाचा म्हणायचं, मीही. आठ-नऊ वर्षं त्यांच्याबरोबर काढली. शेवटची काही वर्षं तर मी हाताखालचा राहिलोच नव्हतो. कामं दोघं मिळून करायचो, फक्त लायसन त्यांचं आणि टेस्ट रिपोर्टवर सही त्यांची. सही करताना चष्मा काढून कागद नाकाला लावायचे आणि एकेक अक्षर कोरायचे. पाच मिनिटं लागायची. मी घड्याळाकडं बघत उभा राहायचो.

चाचांच्या कामाची एक रीत होती. मशीन गच्चीवर आणि बोर्ड खाली असला, की एकानं वर थांबायचं, एकानं खाली. मेन वर करायच्या आधी चाचा वरून ओरडणार, "तार?" मी खालून म्हणणार, "चार." "पाइप?" "एकटा." "खटका?" "वीस." मग ते म्हणणार, "पुन्यांदा." सगळं परत म्हणायचं. दोनदा म्हटल्याशिवाय सप्लाय द्यायचा नाही, मग ते देऊळ असो का दवाखाना. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. एकदा एक म्हातारा म्हणाला, "शाळा सुटली न्हाई व्हय रे अजून?" मला लाज वाटायची. मी एकदा चाचांना म्हटलं, आता पाठ झालंय की सगळं, कशाला गळा काढायचा. ते म्हणाले, "एकट्याचं डोकं कवा बी दगा देतं लेका. दोगांनी बोललं की ते बाहेर येतं, मग मोडत न्हाई."

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा आमच्या भागात दूध गार करायची मशीनं आली. तोवर दूध कॅनमध्ये भरून टेम्पोनं पुण्याकडं जायचं, उन्हाळ्यात निम्मं वाटेतच नासायचं. एका खासगी डेअरीनं आमच्या गावाशेजारी संकलन केंद्र काढलं. खाली स्टीलची मोठी टाकी, आणि गच्चीवर दोन मशीनं. एक टाकी गार करणाऱ्या यंत्राचं कंडेन्सर, पंखा आणि कॉम्प्रेसर असलेलं. दुसरी गरम पाण्याची टाकी. कॅन धुवायला कढत पाणी लागतं, ते सूर्यावर तापायचं आणि ढगाळ दिवसांत तिच्यातली हीटरची कॉइल चालायची. एका गच्चीवर गार आणि गरम दोन्ही. असलं काम आम्ही आधी केलेलं नव्हतं.

काम ऐन उन्हाळ्यात आलं. दुपारी बारा-साडेबाराला चाचा गच्चीवर गेले आणि अनवाणी उभे राहिले. दोन पावलं नाचले, मग खाली वाकून स्लॅबवर तळहात टेकवला आणि झटकन उचलला. म्हणाले, "हितं तार आदीच तापल्याली असनार. मशीन चालू व्हायच्या आदी."

मग कंडेन्सरच्या सावलीत बसून त्यांनी मला हिशेब समजावला. मशीनच्या पाटीवर बारा अँपिअर लिहिलेलं. ते म्हणाले, "ह्ये कंपनीनं बरूबर व्होल्टेजवर मोजल्यालं. हितं सांच्याला समद्या गावाच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, मग मशीन जास्ती वढतं. म्हनून बाराचं पंधरा धर. आता तार. दुकानदार म्हनतो, चारची तार पंचवीस-सव्वीस नेती. सावलीत नेती. उनात, पाइपात कोंडून, तिला विसाच्या वर नेऊ नगं." म्हणून चार एमएमची तार आणि वीसचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून सप्लाय तोडणारा खटका. हीटरची तार वेगळ्या पाइपातून, कारण दोन तापणाऱ्या तारा एका पाइपात घातल्या की एकमेकींना अजून तापवतात. मी म्हटलं, मशीन मोठं आहे, बत्तीसचा टाकला तर कटकट राहणार नाही. खरंच म्हटलं होतं मी तसं, तेव्हाच. चाचा चिडले नाहीत. म्हणाले, "एमसीबी मशीनसाटी नसतो. तारंसाटी असतो. मशीन जळलं तर दुसरं येतं."

मग मी खाली, ते वर, आणि आमची शाळा भरली. तार, चार. पाइप, एकटा. खटका, वीस. पुन्यांदा. टाकी धुणारे दोघं खाली तोंडाला रुमाल लावून हसत होते.

दोन उन्हाळे मशीन बिनतक्रार चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात, चैत्र संपता संपता, एका संध्याकाळी सातच्या सुमाराला केंद्राच्या सेक्रेटरीचा निरोप आला. खटका पडतोय, तिसऱ्यांदा पडला, चाचा भोरात, तू ये. मी घरीच होतो. मोटारसायकल काढली, पाच मिनिटांत पोहोचलो. टाकीत संध्याकाळचं दूध ओतून झालं होतं, बाहेर अजून बायका-माणसं किटल्या घेऊन उभी. आमच्याकडची घरं एक-दोन म्हशींवर चालतात, त्या संध्याकाळच्या दुधात कुणाकुणाचं काय काय असतं ते मला सांगायला नको. सेक्रेटरी घामाघूम झाला होता. म्हणाला, "कायबी कर पन चालू कर. दूध नासलं तर उद्या ही समदी माझ्या दारात येतील."

मी एमसीबीवर हात ठेवला. गरम होता. वर केला, मशीन घुमलं, काही मिनिटांनी पुन्हा पडला. म्हणजे मशीन वीसच्या वर ओढत होतं. का ओढतंय ते बघायला वर जायला हवं होतं. लोखंडी जिना, सतरा पायऱ्या. मी गेलो नाही. गेलो असतो तर दिसलं असतं की कंडेन्सरची जाळी धुळीनं आणि गवताच्या भुग्यानं गच्च बुजलीय, मशीनला श्वास घेता येत नाही म्हणून ते जास्त ओढतंय, आणि एक बादली पाणी आणि एक झाडू एवढ्यावर काम भागणार आहे. माझ्या पिशवीत दुसऱ्या कामासाठी आणलेला बत्तीसचा एमसीबी होता. वीसचा काढला, बत्तीसचा बसवला. स्टार्टरमध्ये जास्त ओढलं की मशीन बंद करणारा एक रिले असतो, त्याचा काटाही पुढं सरकवला. एकटाच होतो. कुणी "खटका?" विचारलं नाही, मी कुणाला उत्तर दिलं नाही.

मशीन चालू झालं ते झालंच. सेक्रेटरीनं मला खुर्ची दिली. कुणीतरी म्हणालं, "चाचा यायला दोन तास लागलं असतं. ह्यो आपला गावचा मानूस." दुसरा म्हणाला, "चाचापरीस भारी झालाय ह्यो." सेक्रेटरी विचारत होता, काय झालं होतं. मी म्हटलं, खटका बाद झाला होता, नवा टाकला. तो मोठा आहे हेही सांगितलं, पण असं सांगितलं की जणू मोठा म्हणजे चांगला.

उद्या येऊन सगळं पूर्ववत करायचं, हे मी ठरवलं होतं. खोटं सांगत नाही, खरंच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सारोळ्याला एका हॉटेलचं काम निघालं. तिसऱ्या दिवशी त्या रस्त्यानंच गेलो, मशीनचा आवाज छान येत होता, सेक्रेटरीनं हात केला, मी हात केला आणि पुढं गेलो. चाचांना सांगायचं राहिलं असंही नाही. रोज भेटत होतो. सांगितलं असतं तर त्यांनी एकच विचारलं असतं, "वर चडला हुतास का?" आणि मला नाही म्हणावं लागलं असतं. आणि ते 'चाचापरीस भारी' कानात बसलं होतं ते निघालं असतं. एवढ्यासाठी, बाबांनो. एवढ्याशा गोष्टीसाठी.

महिन्याभरानं, सकाळचं दूध गार होत असताना, अकराच्या उन्हात तारेनं पेट घेतला. गच्चीवर पाइप वितळला आणि आग पाइपाबरोबर खाली उतरली. खाली पेंडीच्या पोत्यांची खोली होती. पोती धुमसली, धूर रस्त्यावरून दिसला, लोक धावले. माणसाला कुणाला काही झालं नाही. पोती गेली, टाकीतलं दूध ओढ्यात सोडलं, केंद्र आठवडाभर बंद राहिलं. सेक्रेटरीनं माझ्याकडं निरोप पाठवला तो एवढाच, की तिसऱ्या दिवशी पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर येतोय, चाचाला घेऊन ये.

भोरहून मी चाचांना मोटारसायकलवर मागं बसवून आणलं. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी, सगळ्या रस्त्यानं ते माझ्या कानाशी बोलत होते. "विसाच्या खटक्यावर ती तार पेटायची न्हाई. दुसरंच कायतरी झालंय. उंदरानं कुरतडली आसंल. तुला काय वाटतं?" मी पुढं बघून गाडी चालवत होतो. वाऱ्यामुळं ऐकू येत नाही असं मी दोनदा दाखवलं. त्या दीड तासात मी त्यांना चार ठिकाणी सांगायचं ठरवलं. नसरापूरला चहाला थांबलो तेव्हा तर तोंड उघडलंही होतं. ते बशीत चहा ओतत होते. मी म्हटलं, बिस्कीट घ्या.

स्टार्टर जळून त्याचा गोळा झाला होता, त्याच्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. खालचा बोर्ड मात्र धुरानं काळा झाला होता तेवढाच. इंजिनिअरनं फडक्यानं एमसीबी पुसला आणि आकडा वाचला. बत्तीस. मग वरची जळकी तार हातात घेऊन म्हणाला, "चार एमएमवर बत्तीस? गच्चीवर? कुणी केलं हे?" टेस्ट रिपोर्ट त्याच्या फायलीत होताच, त्यावर चाचांची कोरलेली सही.

चाचा म्हणाले, "साहेब, म्या वीसचा घातला हुता."

इंजिनिअर म्हणाला, "हा बघा ना. तुमच्यासमोर आहे."

चाचांनी चष्मा काढला आणि बोर्डाला नाक लावलं. बराच वेळ बघितलं. सेक्रेटरी माझ्याशेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. त्या संध्याकाळी 'कायबी कर' म्हणाला तो तोच होता, त्याला नोकरी होती, पोरं होती. आम्ही दोघांनी एकदमच खाली बघितलं.

मग चाचा माझ्याकडं वळले. आवाजात राग नव्हता, उलट जीव भांड्यात पडल्यासारखा होता, कारण त्यांच्याकडं साक्षीदार होता. म्हणाले, "सांग की रं ह्यास्नी. आपन वीसच घातला हुता नव्हं? तू खालनं बोलला हुतास. दोनदा बोलला हुतास."

मी म्हटलं, "आठवत न्हाई चाचा. लई दिवस झालं."

बस. एवढंच बोललो. त्यांनी 'बत्तीस' घातला असं म्हणालो नाही, त्यांच्यावर बोट दाखवलं नाही. नुसतं आठवत नाही म्हणालो. रात्री घरी मी स्वतःची हीच समजूत घालत होतो, की मी खोटं असं काही बोललोच नाही. पण त्या वेळचं चाचांचं तोंड मी पाहिलं होतं. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. ते आत कुठंतरी शोधायला लागले. कपाळावर आठी घालून आपल्याच डोक्यात ते काहीतरी हुडकत होते, आणि मग हळूच म्हणाले, "मंग माझ्याच हातनं झालं आसंल, साहेब." आणि इंजिनिअरनं लिहिलेल्या कागदावर त्यांनी सही केली. नेहमीसारखी पाच मिनिटं घेऊन. मी त्या वेळी घड्याळाकडं बघितलं नाही.

त्यांच्यावर कुणी केस केली नाही, लायसन काढून घेतलं नाही. डेअरीनं दुसरा माणूस बघितला, तो दुसरा माणूस म्हणजे मी, आणि पुढं वेल्ह्याकडच्या अशा तीन-चार केंद्रांची कामं माझ्याकडं आली. मी ती घेतली. नको म्हणायला तोंड कुठलं. पण चाचांचं जे गेलं ते वेगळंच होतं. त्यानंतर भोरात एका बँकेच्या गच्चीवरचं काम आम्ही दोघांनी घेतलं. त्यांनी मला वरून विचारलं, मी सांगितलं. पुन्यांदा विचारलं, सांगितलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मग स्वतः खाली आले, बोर्डाला नाक लावून आकडा वाचला, वर गेले, आणि अर्ध्या जिन्यावरून परत खाली आले. बँकेची माणसं बघत होती. चाचा जिन्यातच बसले आणि म्हणाले, "आता वाचला, आन वर जाईस्तवर वाटतंय की चुकीचं वाचलं." ते त्यांचं शेवटचं काम. लायसनची मुदत संपली, त्यांनी पुढं करून घेतली नाही. पुढच्या ईदला मी शीरखुर्मा प्यायला गेलो, तर त्यांनी आपली हत्यारं धुऊनपुसून कापडात बांधून ठेवली होती. पक्कड, क्रिम्पिंगचं यंत्र, अँपिअर मोजायचा टाँग टेस्टर. म्हणाले, "तुला घे. माझ्या हातात आता धोका हाय." मी घेतली. शीरखुर्म्याची वाटीही संपवली.

असं पाच वर्षं चाललं. मी सणाला जायचो, चाचीला दळण आणून द्यायचो, त्यांच्या घरातलं विजेचं कुठलंही काम धावत जाऊन करायचो. आसपासचे म्हणायचे, असा शागीर्द मिळायला नशीब लागतं. मला ते ऐकून घेण्याची सवय झाली होती, हे सगळ्यात वाईट.

मग एक दिवस चाचीचा मोबाईलवर फोन आला. म्हणाली, ह्यांना पुण्याला डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचंय, तुझ्याबिगर कुणाचं ऐकत न्हाईत, तू घेऊन जा. मी विचारलं, झालं काय. तेव्हा तिनं सांगितलं. चाचा घरातून एकटे बाहेर पडत नाहीत, कारण परत यायची वाट विसरू अशी भीती. गॅस बंद केला का ते दहादा बघतात. नमाज पढताना रकाती, म्हणजे नमाजाच्या फेऱ्या, मोजायचा भरवसा राहिला नाही, म्हणून चाची मागं बसून बोटं मोजते, आणि चार झाल्या की खाकरते. साठी ओलांडलेला माणूस, उभा जन्म नमाज पढलेला, आणि बायकोच्या खाकरण्याची वाट बघतोय. ती हे अगदी सरळ सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तशी.

आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. चाचांनी सगळं बिनचूक सांगितलं, मलाही जमलं नसतं असं. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते, ते पंधरा मिनिटांनी फटाफट म्हणून दाखवले. डॉक्टर हसून म्हणाला, "आजोबा, तुमचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. घरी जा." चाचा उठेनात. म्हणाले, "न्हाई डाक्टर. तुमाला ठावं न्हाई. माझ्या हातनं आग लागली. म्या वीसचा म्हनून बत्तीसचा घातला, आन मला वीसचाच आठवतोय. अजून बी वीसचाच आठवतोय. असं कसं आठवतंय मला?" आणि ते रडायला लागले. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. हे तुमचे कोण, असं त्यानं विचारलं, मी म्हटलं, माझे उस्ताद.

भोरला त्यांच्या घरी आलो, दुपार कलली होती, चाचीनं चहा ठेवला. मी चाचांच्या समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. संध्याकाळ, दूध, सतरा पायऱ्या, न चढलेल्या. बत्तीसचा मी घातला. तुम्ही वीसच घातला होता, मी खालून दोनदा वीस म्हणालो होतो, मला तेव्हाही आठवत होतं. इंजिनिअरसमोर मी खोटं बोललो. सांगताना मी त्यांच्या पायाला हात लावला होता, तो काढला नाही. मला वाटलं होतं, ते मला मारतील. माझी तयारी होती. मारलं असतं तर मी हलका झालो असतो, असला आपमतलबी विचारही त्या घडीला डोक्यात होता.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळे पुसत, हसत म्हणाले, "तू लई चांगला हायस लेका. म्या डाक्टरसमोर रडलो, ते तुला बगवलं न्हाई. पर माझ्यासाटी असं आपल्या अंगावर घ्यायचं न्हाई. पाप लागतं खोटं बोललं तर."

मी म्हटलं, खोटं नाही, चाचा, शपथ घेतो. ते म्हणाले, "त्या दिवशी आटवलं न्हाई, आन आज पाच वर्सांनी समदं आटवलं, पायऱ्यासकट?" आणि मान हलवत राहिले, मायेनं. मी त्या सेक्रेटरीला आणतो म्हणालो. तो दोन वर्षांपूर्वीच वारला होता, हे म्हणून झाल्यावर मला आठवलं, आणि चाचांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "बग, तू बी इसरतोस की." त्यांना माझी थट्टा करायची होती. किती तरी दिवसांनी ते थट्टा करत होते.

मग अजान झाली. चाचा हात-तोंड-पाय धुऊन, वुजू करून नमाजाला उभे राहिले. चाची नेहमीसारखी त्यांच्या मागं जाऊन बसली नाही. आधी मला सोडायला बाहेर आली. ओट्यावर तिनं पदर सारखा केला, माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यांचा इस्वास न्हाई बसला. माझा बसलाय."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"आता दळण आनू नगंस," ती म्हणाली, "आन येऊ बी नगंस." आणि आत वळली, कारण मागं मोजायला कुणी नाही म्हणून चाचा पहिल्या रकातीतच थांबले होते.